जालन्यात पाहुण्यांना दाखवायचं काय?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी धाकटी बहीण तीन मुलांना घेऊन भिवंडीहून माहेरी आली. मीही पुण्याहून चार दिवसांसाठी गेलो होतो. पहिला दिवस कूलरसमोर गेला, दुसरा आमरस आणि झोपेत. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, "मामू, जालना में देखने को क्या हय?" मी तोंड उघडायच्या आत घरातल्या तिघांनी उत्तर दिलं. अम्मी म्हणाली, "कुछ नई, बेटा." थोरले भाऊ म्हणाले, "औरंगाबाद लेको जाओ इनको." विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंनी मराठीत शिक्कामोर्तब केलं, "इथं काय बघायचंय, धूळ?"

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खरं सांगायचं तर पुण्यातल्या मित्रांना मीही तेच देत आलो आहे. जालना म्हणजे स्टील, जालना म्हणजे बियाणं, जालना म्हणजे मोसंबी. कामासाठी यावं, काम झालं की निघावं. "जालना, सोने का पालना" ही म्हण आपण अभिमानाने सांगतो आणि लगेच पाहुण्यांच्या हातात साठ किलोमीटरवरच्या शहराच्या बसचं तिकीट ठेवतो. या उत्तराशी मला आज भांडायचं आहे. हे उत्तर चुकीचं आहे एवढंच नाही. या उत्तराच्या आड शहर, पालिका आणि आपण मुसलमान, असे सगळेच आपली एक जबाबदारी लपवत आलो आहोत.

आधी पाहुणा कोण, ते ठरवू. "पर्यटक" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात कॅमेरा अडकवलेला परदेशी माणूस येतो. तो वेरूळ-अजिंठ्याला जातो, जालन्याला येत नाही. म्हणून आपल्याकडे पर्यटक नाहीत, म्हणून पर्यटनाचा विचार नको, असा आपला हिशेब. पण मे महिन्यात जालन्याच्या कुठल्याही गल्लीत फिरून बघा. दर दोन घरांआड एका घरात माहेरवाशीण आलेली असते. तिची मुलं असतात, सोबत एखादी नणंद असते. लग्नसराईचं वऱ्हाड असतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या परप्रांतीय कामगाराची बायकोमुलं सुट्टीत महिनाभर त्याच्याकडे राहायला आलेली असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तोवर हे सगळे या शहरात असतात. शिवाय चांद्रवर्षाच्या हिशेबाने बकरी ईद आता या सुट्टीत सरकली आहे. २०२६ मध्ये मेच्या शेवटी, २०२७ मध्ये मेच्या मध्यावर. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं मुस्लिम मोहल्ल्यांत पाहुण्यांची गर्दी आणखी वाढणार.

हे जालन्याचे पर्यटक. त्यांची मोजणी कुठल्याच खात्यात होत नाही, कारण ते हॉटेलात उतरत नाहीत, आपल्या घरात उतरतात. ज्यांची मोजणी नाही त्यांची तरतूदही नाही.

मग या पाहुण्यांना शहर काय देतं? उन्हाळा लागला की मोकळ्या मैदानावर पत्रे ठोकून एक प्रदर्शन उभं राहतं. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, भेळ, प्लास्टिकची खेळणी. मुलांना ते आवडतं आणि आवडू द्यावं, माझी त्याला हरकत नाही. आम्हीही गेलो. पाच माणसांचं प्रवेशाचं तिकीट, तीन मुलांचे दोन-दोन पाळणे, आइस्क्रीम आणि पाण्याच्या बाटल्या मिळून दीड तासात आठशे रुपये संपले. बहिणीने पर्स बंद केली आणि मुलांना सांगितलं, "अब बस." ज्या घरात बाप दिवसाला पाचशे रुपये कमावतो त्या घरातली मुलं या पत्र्याच्या भिंतीबाहेर उभी राहून पाळण्याचे दिवे बघतात. ती मी त्या रात्री मोजली नाहीत, पण बरीच होती.

यापेक्षा वेगळं काही सुचवा म्हटलं की पुढारी मंडळी दोन गोष्टी सुचवतात. एक, वॉटर पार्क. दोन, शहराच्या नावाची रंगीत अक्षरं आणि त्यासमोर सेल्फी पॉइंट. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने काय भोगलं ते इतक्या लवकर विसरायचं का? नळाला कित्येक दिवस पाणी येत नव्हतं, टँकरमागे बायका पळत होत्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्या जिल्ह्यात पाण्यात डुंबण्याचं तिकीट विकणं ही करमणूक नव्हे, थट्टा आहे. आणि रंगीत अक्षरांचं काय? त्यांची सावलीसुद्धा पडत नाही.

आता "कुछ नई" या उत्तराकडे येतो.

जालन्याचा इतिहास सांगताना गॅझेटिअर एक नाव घेतं, जमशेद खान. मलिक अंबरच्या काळात तो जालन्याचा कारभारी होता. त्याने काली मस्जिद बांधली. मस्जिदीबरोबर हमाम बांधला, म्हणजे स्नानगृह. प्रवाशांसाठी सराय बांधली. मोती तलाव बांधला. आणि त्या तलावाचं पाणी शहरात यावं म्हणून जमिनीखालून नळ टाकले, ठिकठिकाणी हौद बांधले. चारशे वर्षं जुनी गोष्ट आहे ही.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. आपण ती नेहमी "मुस्लिम वास्तुकलेचे नमुने" म्हणून वाचतो आणि वारशाच्या कौतुकात रमतो. मला ती एका यजमानाची यादी वाटते. दमूनभागून, धुळीने माखून कोणी शहरात आला तर त्याला काय लागेल? टेकायला जागा, अंग धुवायला पाणी, प्यायला पाणी, दोन रात्री झोपायला छप्पर आणि देवाचं नाव घ्यायला शांत कोपरा. जमशेद खानाने नेमकं तेवढंच बांधलं. बुऱ्हाणपूरकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजा आणि व्यापारी तांडे या मुलखातून जात. अकबराचा विद्वान मंत्री अबुल फजल याचाही काही काळ इथे मुक्काम असल्याचं सांगितलं जातं. शहराचं नावच मुळी एका धनिक मुस्लिम विणकरावरून, जुलाह्यावरून पडलं आणि तो शहराचा मोठा उपकारकर्ता होता, अशी आख्यायिका गॅझेटिअरने नोंदवली आहे. आख्यायिका खरी की खोटी ते बाजूला ठेवू. या गावाने आपलं नाव लढवय्याकडून न घेता उपकार करणाऱ्या कारागिराकडून घेतलं असं लोकांना वाटत आलं, हे महत्त्वाचं.

हा मान एकट्या मुसलमानांचा नाही, तेही सांगायला हवं. निजामाच्या काळात, १९३० च्या दशकात, घाणेवाडीचा तलाव झाला तो बेजनजी फरिदुनजी जालनावाला या पारशी गृहस्थांच्या पुढाकारामुळे. तिथून शहरात पाणी यायचं ते विजेशिवाय, नुसत्या उताराने. याच तलावाचा गाळ काढायला शहरातले उद्योजक, व्यापारी आणि सामान्य नागरिक पुढे आले. जिल्ह्यात अंबडला जा, तिथल्या बारवेशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. कारभारी मुसलमान, दानशूर पारशी, राणी धनगर. तिघांनाही एकच गोष्ट सुचली, आल्यागेल्याला पाणी मिळावं. आणि आपण त्यांचे वारसदार म्हणतो, बघण्यासारखं काही नाही!

बघण्यासारखं आणखीही आहे. १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकमाने काबिल खानाने बांधलेला मस्तगड शहरातच आहे. दरवाजावर फारसी शिलालेख, आत एक विलक्षण विहीर. तिच्या भिंतींमध्ये सज्जे आणि खोल्या काढलेल्या आहेत, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात थंडाव्याला बसता यावं म्हणून केलेली ही युक्ती असावी. आणखी कशासाठी कोण विहिरीच्या पोटात खोल्या काढेल? भोकरदनकडे असईचं रणांगण आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झालेला हाच सेनापती म्हातारपणीही असईचीच लढाई आपली सर्वांत चांगली कामगिरी मानत असे. अन्व्याचं कोरीव मंदिर आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आहे. राजूरचा गणपती आहे. नऊ वर्षांच्या मुलीला दाखवायला आठ दिवस पुरणार नाहीत एवढं आहे.

मग अडचण कुठे आहे? अडचण दाखवण्यात नाही, टिकण्यात आहे. जालन्यातल्या कुठल्याही सार्वजनिक जागी मे महिन्यातल्या दुपारी जा आणि चारच गोष्टी तपासा. सावली आहे का? फुकट आणि गार पिण्याचं पाणी आहे का? म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकून बसता येईल असा बाक आहे का? आणि बाईला जाता येईल असं, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह उघडं आहे का? चारही प्रश्नांना "हो" म्हणता येईल अशा जागा मोजायला एका हाताची बोटं पुरतात का, ते तुम्हीच ठरवा. ही परीक्षा फक्त जालन्याची नाही. परभणी, बीड, मालेगाव, अकोला, सगळ्यांनी आपापल्या गावात घेऊन बघावी.

चौथ्या प्रश्नावर मी थोडा थांबतो, कारण त्यावर पुरुष कधी थांबत नाहीत. त्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही शहरातल्या एका बागेत गेलो. अम्मीला साखरेचा त्रास आहे. अर्ध्या तासात तिला स्वच्छतागृहाची गरज लागली. होतं, पण कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे होती तो घरी गेला होता. आम्ही रिक्षा करून घरी परतलो. मुलांचा हिरमोड झाला. रात्री बहीण मला म्हणाली, "तुम को मालूम नई भाई, हम लोगां बाहर निकलना रहा तो सुबू से पानीच नई पीते."

हे वाक्य मी पुण्याला घेऊन आलो. पारा चाळिशी ओलांडतो त्या महिन्यात, बाहेर पडायचं म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. फक्त बुरखेवाल्या नव्हे, साडीतल्या आणि ड्रेसमधल्यासुद्धा. शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांचंही तेच. ऊन लागण्याचं, मूत्रविकाराचं, चक्कर येऊन पडण्याचं हे सरळ आमंत्रण आहे. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत शेकडो माणसं दगावली. त्यातून शिकून त्या शहराने २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला. सावली आणि पिण्याचं पाणी या करमणुकीच्या वस्तू नाहीत, जीव वाचवण्याच्या आहेत, हे तिथे माणसं गमावून कळलं. जालना तर २०२३ पासून महानगरपालिका आहे. नावात "महा" आलं, आता बाकाला पाठ आणि स्वच्छतागृहाला कडी यायला किती वर्षं लागावीत?

पालिकेला बोल लावणं सोपं आहे. आता थोडं आपल्या अंगणात.

भर दुपारी बाजारात आलेला मुसलमान पुरुष दमला तर काय करतो? जवळच्या मस्जिदीत शिरतो. वजूखान्यावर तोंड-हात-पाय धुतो. गार पाणी पितो. पंख्याखाली, फरशीवर अर्धा तास पडतो. जोहरची नमाज पढून ताजातवाना होऊन बाहेर येतो. बाहेर त्याची बायको दोन पोरांना घेऊन दुकानाच्या ओसरीखाली उभी असते. सावली, पाणी, बसायला जागा आणि स्वच्छतागृह, चारही गोष्टी आपल्या प्रत्येक मोठ्या मस्जिदीत आहेत. आपण त्या निम्म्या समाजाला बंद करून ठेवल्या आहेत, आणि मग पालिकेकडे बोट दाखवतो.

यावर लगेच फिकहची चर्चा सुरू होईल. ती मला इथे करायची नाही. स्त्रियांना मस्जिदीत प्रवेशाला धर्माची मनाई नाही, हे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्वतः २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कळवलं आहे. पण मी नमाजेच्या सफेविषयी बोलतच नाही. मी सरायविषयी बोलतो आहे. जमशेद खानाने मस्जिदीलगत सराय बांधली तेव्हा त्याच्यासमोर नमाजी आणि मुसाफिर या दोन वेगळ्या गरजा होत्या. आपण मस्जिदी ठेवल्या, सरायची कल्पना हरवली. मस्जिदीलगतच्या जागेवर दुकानांचे गाळे काढणं आपल्याला चटकन सुचतं. त्यातलाच एक गाळा बायकामुलांना बसण्यासाठी ठेवावा, त्यात एक कूलर, पाण्याची टाकी आणि स्वच्छ मोरी असावी, हे का सुचत नाही? एका गाळ्याचं भाडं बुडेल. साद बिन उबादा यांनी आपल्या मृत आईच्या नावाने कोणतं दान सर्वांत चांगलं, असं प्रेषितांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, पाणी. हा किस्सा आपण जुम्याच्या बयानात दर उन्हाळ्यात ऐकतो. मोहरममध्ये सबील लावतो. मग मे महिन्यात, बाजाराच्या तोंडाशी, कोणाचीही जात-धर्म न विचारणारी सबील महिनाभर का चालू नये? मारवाडी आणि जैन समाजाच्या पाणपोया चालतात, आपण त्यांचं पाणी पितो. त्यांनाही कधी आपलं पाणी पाजावं.

सुट्टीतल्या शिबिरांचंही तेच. आपल्या मोहल्ल्यांत मे महिन्यात मुलांसाठी दीनी तालीमचे वर्ग चालतात, चांगली गोष्ट आहे. पण त्या चाळीस दिवसांत एक दिवस तरी मुलांना आणि मुलींनाही काली मस्जिदीपासून मोती तलावापर्यंत चालत न्यावं, हे पाणी जमिनीखालून कसं यायचं ते दाखवावं, मस्तगडावरचा फारसी शिलालेख उर्दू शिकणाऱ्या पोरांकडून अक्षर-अक्षर लावून घ्यावा, असं कोणाला वाटत नाही. मग तीच मुलं मोठी होऊन मोबाइलवर कोणीतरी पाठवलेला इतिहास वाचतात आणि आपल्या गावात आपलं काय होतं याचं उत्तर त्यांना देता येत नाही. ज्या मुलाने जमशेद खानाचा तलाव पाहिला आहे, त्याला कोणी "तुम्ही बाहेरचे" म्हटलं तर तो चिडणार नाही. तो हात धरून त्या माणसाला तलाव दाखवेल.

"मस्जिद परिचय" हा उपक्रम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत झाला आहे. इतर धर्मीयांना मस्जिदीत बोलवायचं, अजान म्हणजे काय, वजू म्हणजे काय ते सांगायचं, चहा-शिरखुर्मा द्यायचा. काली मस्जिदीत तो उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हावा आणि धर्माइतकीच तिथे सराय-हमामाची, पाण्याची गोष्ट सांगितली जावी. विरजण मागायला येणाऱ्या काकू चाळीस वर्षं आमच्या शेजारी राहतात. त्यांनी काली मस्जिद आतून पाहिलेली नाही. माझ्या अम्मीनेही पाहिलेली नाही. दोघींचं कारण वेगळं, वंचना एकच.

आता आक्षेप. पहिला, "पोटाची मारामार असताना बागा कसल्या मागता?" ज्यांच्या पोटाची मारामार आहे त्यांच्यासाठीच तर मागतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मे महिन्यात महाबळेश्वरला जातात. झाडाखालचा फुकट बाक ही गरिबाची चैन आहे आणि ती त्याला मिळालीच पाहिजे.

दुसरा, "जालना औद्योगिक शहर आहे, पर्यटनाचं नाही." भट्टीसमोर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला जागा नको का? समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला. ३० डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. गाव सोडून लवकर बाहेर कसं पडता येईल याची उत्तम व्यवस्था आपण केली. आलेल्या माणसाने इथे रमावं याची कोणती केली?

तिसरा आक्षेप कुजबुजून घेतला जातो. "जुन्या वास्तूंना हात लावू नका, वाद होतील." ही भीती मला समजते, गेल्या काही वर्षांत ती फुकट आलेली नाही. पण ज्या वास्तूकडे कोणी फिरकत नाही तीच आधी ढासळते आणि तिच्याविषयीच कोणीही काहीही पसरवू शकतो. जिथे रोज संध्याकाळी सगळ्या जातीधर्मांची मुलं खेळतात, तिची राखण आपोआप होते. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीवर जाऊन बघा. बाबा शाह मुसाफिर यांची दर्गा, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी, हौदातले मासे आणि भला मोठा वड. तिथे येणाऱ्या दहा कुटुंबांपैकी किती मुसलमान असतात ते कोणी मोजत नाही. सगळे सावलीसाठी आणि पाण्यासाठी येतात, वडाखाली डबा उघडतात. बुऱ्हाणपूरला मोगल काळातला कुंडी भंडारा आहे, जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या विहिरींची साखळी. तिथे लोक लिफ्टने विहिरीत उतरून खाली वाहणारं पाणी बघतात. गाव जालन्यासारखंच, ना फार मोठं ना लहान. त्यांनी आपलं जुनं पाणी पाहुण्यांना दाखवायचं ठरवलं. आपण आपलं जुनं पाणी कुठून वाहत होतं हेसुद्धा मुलांना सांगत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महापालिकेने एप्रिल ते जून या तीन महिन्यांत प्रत्येक बागेत आणि तलावाकाठी सावली, पाणी, बाक आणि बायकांसाठी उघडं स्वच्छतागृह या चार गोष्टींची हमी द्यावी आणि किल्ली कोणाकडे आहे ते फळ्यावर लिहावं. बागा उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेडात उघड्या ठेवाव्यात, कारण सहाच्या आत कोणी घराबाहेर पडू शकत नाही. काली मस्जिद, मोती तलाव, मस्तगड आणि घाणेवाडी जोडणारी एक बस रविवारी संध्याकाळी सोडावी, तिकीट दहा रुपये. प्रत्येक ठिकाणी मराठी आणि उर्दूत चार ओळींची पाटी लावावी, बांधणाऱ्याच्या नावासकट. मस्जिदींच्या विश्वस्तांनी एक खोली सरायसाठी काढावी. मोहल्ल्यातल्या तरुण मंडळांनी सबील लावावी. जालन्यातल्या शिक्षकांनी, माझ्या हिंदू मित्रांनी जमशेद खान आणि जालनावाला यांना आपले पूर्वज मानावं. त्यांचं पाणी तुमच्याही आजोबांनी प्यायलं आहे. यातल्या एकाही गोष्टीला वॉटर पार्कच्या पायाभरणीइतकाही खर्च येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिन्ही मुलांना घेऊन काली मस्जिदीकडे आणि तिथून मोती तलावावर गेलो. सराय म्हणजे काय हे सांगितल्यावर भाचीने विचारलं, "मतलब फ्री का हॉटेल?" मी हो म्हटलं. तिने थोडा विचार करून विचारलं, "नानी को क्यूँ नई लाए?"

घरी येऊन मी अम्मीला म्हटलं, पुढच्या खेपेला तूही चल, तुला तुझं गाव दाखवतो. अम्मीने दस्तरखान उचलत विचारलं, "बैठने को जगा हय? बाथरूम हय?"